दाखला न घेतलेली

१७ जून

ताई,

मायना काय लिहावा यावरच दोन कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर म्हणशील टोमणा मारतेय, 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील काहीतरी मागायचं असणार. म्हणून नुसतं ताई. आणि फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतेस आणि मग मी फोन ठेवून देते. मागच्या वेळी तसंच झालं. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं आणि तुला फाडायचं असेल तर फाडता येतं. दोघींची सोय.

लिहायचं कारण एवढंच की तुझ्या घराची किल्ली आमच्याकडे आहे. खारूच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सापडली. तिनं मुद्दाम आणली नाही, घाईत राहून गेली. आज घरात जाड पाकीट नाही, पुढच्या पत्रासोबत पाठवते.

खारू, तुझी भाची, बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगते. अकरावीचं अर्धं वर्ष तुझ्याकडे काढून ती ट्रंक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कारण विचारलं तर म्हणाली तिथलं पाणी मानवलं नाही. मी कशाला विश्वास ठेवू? तुझी जीभ मला माहीत आहे, तिच्या धारेखालीच वाढले मी. तूच काहीतरी बोलली असशील असं मी धरलं. आणि मग तुझा तो फोन. अर्ध्यावर सोडायची सवय, म्हणालीस, ती आईकडूनच आली असणार. ते वाक्य मी विसरले आहे असं समज.

आता ती आपल्याच शाळेत बारावीला आहे. शाळा तशीच आहे, फक्त मुलं कमी झालीत. ज्याला परवडतं तो पोरांना तुमच्या शहरातल्या क्लासला धाडतो. विज्ञानाच्या वर्गात खारू धरून दहा डोकी उरली आहेत, आणि तो दहाचा आकडा फार महत्त्वाचा आहे. सरकारनं नवीन नियम काढलाय. राज्यातल्या प्रत्येक शाळेतून बारावीला जो पहिला येईल, त्याला राज्यातल्या कुठल्याही सरकारी कॉलेजात, त्याला हव्या त्या शाखेत एक जागा. शाळा राजवाड्यासारखी असो की आपल्यासारखी गळकी. अट एकच, वर्गातून निदान दहा जणांनी सगळे पेपर दिले पाहिजेत. तुमच्याकडच्या पोरांना याची गरज नाही, म्हणून तुझ्या कानावर आलं नसेल.

खारू पहिली येईल. वकिलांची मुलगी तिच्या पाठोपाठ आहे, पण येईल. तिला कुठली शाखा हवीय ते मात्र सांगत नाही. विचारलं की 'बघू' म्हणते. ही जागा मिळाली नाही तर खासगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नाही, आणि क्लासची वाट ती स्वतःच सोडून आली. मग इस्त्रीचं टेबल आहेच. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती.

दाजींना नमस्कार.

तुझी धाकटी

११ ऑगस्ट

ताई,

किल्ली राहिलीच. पाकीट आणलं होतं, त्यात ह्यांनी गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं भरून ठेवली.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं झालंय. बँकेतल्या साहेबांची बदली झाली, तीही राज्याबाहेर, आणि त्यांचा मुलगा शाळेचा दाखला घेऊन गेला. पोरगा गुणी, जाताना वर्गात सगळ्यांना पेन वाटून गेला. पण उरले नऊ.

मोठ्या सरांची झोप उडालीय. मोठे सर म्हणजे आपले गणिताचेच सर. तुला शिकवायचे तेव्हा ते नुसतेच सर होते. मग केस गेले आणि मुख्याध्यापक झाले. नव्या प्रवेशाची मुदत जुलैतच संपली. जुनी, शाळा सोडलेली मुलं परत येतील का म्हणून ते सायकलवरून गावभर फिरले. पण ज्यानं दाखला घेतला त्याचं शाळेशी नातं तुटलं, तो परत आला तरी नवाच धरतात. नोकरीला, लग्नाला, कशाला ना कशाला सगळ्यांनी दाखले नेलेले. बारावीपर्यंत येऊन, शाळा सोडून, दाखला मात्र न घेतलेलं माणूस हवं. असं वेडं कोण असणार?

ज्या दिवशी नऊचा आकडा कळला त्या दिवशी खारू शाळेतून आली. हातपाय धुतले आणि हॉटेलच्या उशांच्या खोळी पुढ्यात ओढून इस्त्री करायला लागली. चांगली करते. कोपरे आधी, मग मधला भाग, एक सुरकुती नाही. तेच मला बघवेना. मी म्हटलं, अभ्यास कर. ती म्हणाली, कशाला?

तर सांगायची गोष्ट अशी, की दहावं माणूस सापडलंय. एक बाई आहे. वयानं जरा मोठी. बारावीत असताना आई अंथरुणाला खिळली, थोरली बहीण दूर होस्टेलवर पदवीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून हिची शाळा सुटली. परत जायचंच आहे म्हणून दाखला काही घेतला नाही. मग आई गेली, लग्न झालं, आणि जाणं झालं नाही. अशी बाई. तू ओळखत नसशील.

सरांनी शिक्षण खात्यात जाऊन विचारलं. तिथल्या साहेबांनी सगळे नियम चाळले आणि सांगितलं, वयाची अट खालून आहे, वरून नाही.

तुझी धाकटी

५ ऑक्टोबर

ताई,

ती बाई मी. तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील, तरी लिहून टाकते म्हणजे मला हलकं वाटेल.

झालं असं. मोठे सर पॅन्ट न्यायला दुकानात आले आणि तिथंच स्टुलावर बसून आपलं दुःख सांगायला लागले. दाखला न घेतलेलं माणूस कुठून आणू, म्हणाले. मी त्यांच्याच पॅन्टची घडी पाडत होते. मी म्हटलं, "सर, माझा दाखला तुमच्याकडेच पडून आहे." ते ताडकन स्टुलावरून उठले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांच्या पॅन्टला त्या दिवशी दोन घड्या पडल्या, तशाच घालून हिंडतायत.

खारू मात्र दोन दिवस बोलली नाही. तिच्यासाठीच चाललंय हे तिला कळत होतं, पण आई वर्गात म्हणजे काय ते तूच विचार कर. तिसऱ्या दिवशी तिनं अटी घातल्या. वर्गात तिला खारू म्हणायचं नाही. डबा संपवलास का विचारायचं नाही. आणि तिच्या केसांना हात लावायचा नाही. मी तिन्ही कबूल केल्या. तिसरी एकदा मोडली, पण केसांत खडू होता.

जागा मिळाली ती बँकवाल्या मुलाची, म्हणजे शेवटच्या बाकावर खारूच्या शेजारी. गणवेशाचं सरांनी माफ केलं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझं माहेरचं नाव पुकारलं गेलं, आणि मी 'हजर' म्हटलं. एवढा साधा शब्द, ताई, पण मला तो किती वर्षं म्हणायचा होता हे तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं.

सर म्हणतात, तुम्ही नुसतं परीक्षेला बसा, पास व्हायची अट नाही. मला ते पटत नाही. नुसतं बसायला मी काय बाकाला टेकू आहे? सकाळी शाळा, दुपारी दुकान. इस्त्रीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर खारूनं सूत्रं चिकटवून दिलीत, वाफेनं ती सुटतात आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांत जातात. परवा दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या ॲप्रनसोबत पाण्याचा उत्कलनबिंदू गेला. जीवशास्त्र मला आवडतं. भाषा तर येतातच. गणित म्हणजे, तूच गणिताची बाई, तुला सांगायला नको. तरी पाठ करते. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर शून्य, हे मी हॉटेलचे टेबलक्लॉथ संपेपर्यंत म्हणत होते.

सकाळचं दुकान हे सांभाळतात. कसं सांभाळतात ते विचारू नकोस. वकिलांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा उमटलाय. त्यांची मुलगी आमच्या वर्गात, म्हणून वकील गप्प बसले.

तुला आधी सांगितलं नाही, कारण हेही अर्ध्यावर सुटलं असतं तर तुझं वाक्य खरं ठरलं असतं. हो, विसरले नव्हते.

तुझी धाकटी

ता. क. किल्ली आहे माझ्याकडे. हरवलेली नाही.

२ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर्षभरानं बहिणीचं अक्षर बघायला मिळतं आणि त्यात काय, तर 'शून्य नव्हे, एक.' ना मायना, ना सही. ह्यांना वाटलं बसचा नंबर आहे. मी आधी पोट धरून हसले आणि मग रडले. डोळे पुसायला हाताशी गिऱ्हाइकाचा टॉवेल होता, तो परत धुवावा लागला. आता भिंतीवर साइनच्या जागी तुझं कार्डच लावलंय. ते जाड आहे, वाफेनं सुटत नाही.

आज दुसरंच लिहायचंय. बसून वाच.

परवा जीवशास्त्राच्या बाईंनी गाईच्या पोटाची आकृती काढायला सांगितली. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. मी पुस्तकात बघून काढत होते, तर शेजारी खारूनं न बघता सगळं काढलं. चारही कप्पे, कुठलं तोंड कशात उघडतं, सगळं. बाई म्हणाल्या, हे पुस्तकात एवढं नाहीये. मी हळूच विचारलं, कुठं शिकलीस? एरवी तिनं 'बघू' म्हटलं असतं. पण त्या बाकावर मी तिची आई नसते ना, शेजारची असते. वहीत मान घालून तिनं सगळं सांगितलं.

तू तिला क्लासला पाठवायचीस आणि ती क्लासच्या आधीच बसमधून उतरायची. तिथं गुरांचा दवाखाना आहे म्हणे. आधी बाहेरच्या बाकावर बसायची, मग तिथल्या डॉक्टरीणबाई तिला शेळी धरायला बोलवायला लागल्या, मग पट्ट्या कापायला. संध्याकाळी तू विचारायचीस आज काय शिकवलं, आणि ती काहीतरी ठोकून द्यायची. तू शेजाऱ्यांना सांगायचीस, आमच्या घरात डॉक्टर तयार होतेय. एक दिवस तू म्हणालीस, उद्या क्लासच्या सरांना भेटून येते, कितपत प्रगती आहे ते बघते. दुसऱ्या दिवशी तू जायच्या आत तिनं ट्रंक भरली.

"मावशीनं काहीच केलं नाही गं," ती म्हणाली. "ती रोज माझ्यासाठी दूध गार करून ठेवायची. म्हणून तर तोंड दाखवायची लाज वाटली."

ताई, तिला माणसांची डॉक्टर व्हायचंच नाही. गुरांची व्हायचंय. एवढीच गोष्ट. एवढ्याशा गोष्टीपायी आपण दोघी वर्षभर एकमेकींना खलनायिका ठरवून बसलो. मला वाटत होतं तू तिला घालवलीस, आणि दाजींनी ह्यांना सांगितलं म्हणे की तुलाही तेच वाटत होतं, की आपलंच काही चुकलं, म्हणून तू तिची खोली आवरलीच नाहीस. नव्हतं काही चुकलं. माझंही नव्हतं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की पुढच्या तासाला मी मोठ्यानं हसले आणि सरांनी मला उभं केलं.

तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ, तिच्यावर नको. ती स्वतः तुला लिहिणार म्हणते, पण रोज कागद घेते आणि रोज ठेवून देते.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

अक्षर खारूचं आहे, शब्द माझे. घाबरू नकोस. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं भाजलीत. कसं ते सांगताना मलाच लाज वाटते.

काल रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक आले होते, सोनेरी काडीचा चष्मा, फार शिस्तीचे. परीक्षानळी तापवायची, चिमट्यानं धरून स्टँडमध्ये ठेवायची, रंग बघायचा. मी तापवली, ठेवली, रंग बघितला, सगळं बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, अजून गरम आहे का? आता तुला माहीत आहे, आमच्या धंद्यात इस्त्री गरम आहे का हे आम्ही कसं बघतो. बोट जिभेला लावायचं आणि इस्त्रीला टेकवायचं. चर्र झालं तर गरम. मी तेच केलं. परीक्षक ओरडले, कारण नळीत काय होतं आणि ते बोट पुन्हा कुठं जाईल याची त्यांना भीती. त्यांच्या ओरडण्यानं मी दचकले, नळी कलंडली आणि मी ती हातानं धरली. पंधरा-वीस वर्षं इस्त्री करून मला वाटत होतं माझ्या बोटांना काही भाजत नाही. लोखंड निदान दिसतं तरी. तापलेली काच आणि गार काच सारखीच दिसते.

(मावशी, आई सांगत नाहीये पण नळी तिनं सोडली नाही. हळूच स्टँडमध्ये परत ठेवली. परीक्षकांनी स्वतः तिचा हात नळाखाली धरला आणि तिला पूर्ण मार्क दिले असं वाटतंय. – खारू)

मध्ये मध्ये लिहू नकोस म्हणून सांगितलं तरी ही लिहितेय. तर परवा पहिला पेपर. लेखनिक हवा असेल तर बोर्डाची परवानगी लागते आणि ती यायला आठवडा जातो. सर दुकानात येऊन म्हणाले, "तुम्ही नुसत्या या. नंबर लिहा आणि पहिला तास बसा. तेवढ्यानं पेपर दिला असं धरतात. बाकीचं आम्ही नऊ जण बघतो." सरही स्वतःला विद्यार्थ्यांत मोजायला लागलेत. वर्गातला बाकी कोणी आजारी पडू नये म्हणून त्यांनी सगळ्यांना सायकल चालवायला बंदी केलीय.

हे म्हणतात ताप भरला तर घरी राहा. मी म्हटलं, तिरडीवरून नेलंत तरी शाळेवरून न्या. त्यांना ते आवडलं नाही. पण ताप नाहीये, खरंच नाहीये, आणि करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात पेन धरता येतंय. अक्षर कोंबडीचे पाय, पण येतंय.

(मावशी, पट्टी मी बांधलीय. दवाखान्यात शेळीच्या पायाला बांधायचे तशीच. सैल होत नाही. मी तुला खूप पत्रं लिहिली आणि पाठवली नाहीत. हे आईचं पत्र आहे म्हणून जातंय, त्यात मीही जाते. मी खोटं बोलले, चुकले. तू रागावली असशील तरी चालेल पण दूध अजून गार करून ठेवतेस का? – खारू)

हिनं काय लिहिलं ते मला दाखवत नाही. असो. तुझी आठवण येते, हे तिला लिहायला सांगताना मला लाज वाटतेय, पण लिही गं, लिही.

तुझी धाकटी

२१ मार्च

ताई,

दिले. सगळ्यांनी सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरनंतर मोठे सर फाटकात उभे राहून आम्हाला पाठीवर हात ठेवून मोजत होते. दहा झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि मग फाटकाला टेकून तिथंच खाली बसले. वकिलांच्या मुलीनं त्यांना पाणी आणून दिलं.

माझे पेपर म्हणशील तर भाषा ठीक, जीवशास्त्र चांगलं. गणिताच्या दिवशी बोटावरचा फोड फुटला. पहिल्याच पानावर काय होतं सांगू? साइन वर्ग अधिक कॉस वर्ग. मी एक लिहिलं. इतकं मोठं लिहिलं की तुला तिथून दिसलं असेल. त्यानंतरचं बरंचसं मला दिसलं नाही, म्हणजे प्रश्न दिसत होते, उत्तरं दिसत नव्हती. पहिला तास झाल्यावर पर्यवेक्षक म्हणाले, तुम्हाला जायचं तर जा. सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. खारू पुढच्या बाकावर होती, तिनं मागे वळून बघितलं नाही, पण तिचं पेन थांबलं.

मी उठले नाही. शेवटची घंटा होईपर्यंत बसले. येत होतं तेवढं लिहिलं, नाही ते खोडलं, परत लिहिलं. माझ्यासाठी नव्हतं ते, किंवा होतं, मला आता वेगळं करता येत नाही. मी त्या वर्गातून एकदा मध्येच उठून गेले होते. आईसाठी गेले, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण दुसऱ्यांदा मला मध्ये उठायचं नव्हतं.

आता निकालापर्यंत हाताला काम नाही, म्हणजे आहे, ह्यांनी जाळलेले कपडे रफू करते.

तुझी धाकटी

८ जून

ताई,

एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

खारू पहिली. वकिलांची मुलगी थोडक्यात मागे राहिली, तिनंच आधी येऊन खारूला मिठी मारली. तिला कायदाच करायचा आहे, काळा कोट घरात आहेच, फक्त पाठीवरचा ठसा लपवावा लागेल. शाळेची जागा मंजूर झाल्याचं सरांनी स्वतः सायकलवर येऊन सांगितलं. खारूनं शाखेच्या पुढे 'पशुवैद्यकीय' लिहिलं आणि कॉलेज निवडलं ते तुमच्या शहरातलं. तुझ्या घरापासून एकच बस, म्हणते. बसमधून मध्येच कुठं उतरायचं ते तिला पाठ आहे.

हे आधी दुकानाबाहेर जाऊन आले, मग आत आले, मग पुन्हा बाहेर गेले. शेवटी टेबलाशी उभे राहून इस्त्री झालेल्याच चादरीला पुन्हा इस्त्री करायला लागले. मी थांबवलं नाही. त्यांना रडता येत नाही, ते इस्त्री करतात. आणि मी तर काय, निकाल कळला तेव्हा भिंतीला टेकून नुसती श्वास घेत होते. वर्षभर छातीवर कोणीतरी गाठोडं ठेवलं होतं आणि आता उचलून नेलं, असं वाटलं.

तू खारूला पाठवलेलं पत्र ती मला दाखवत नाही. फक्त एवढं सांगितलं की खोली आवरलेली नाही आणि दूध गार मिळेल. तेव्हा किल्ली आता मी पाठवत नाही. जिनं आणली तीच घेऊन येईल आणि स्वतः कुलूप उघडेल. खरं सांगायचं तर जाड पाकिटं घरात पहिल्या दिवसापासून होती. किल्ली पाठवली असती तर पुढचं पत्र लिहायला मला निमित्त काय राहिलं असतं?

आता माझा निकाल. भाषांत चांगली पास, जीवशास्त्रात खारूखालोखाल, रसायनात भाजल्याचे मार्क धरून पास, भौतिकशास्त्रात काठावर. गणितात नापास. थोडक्यात नव्हे, चांगली सणसणीत नापास. तो एक नसता तर अजून एकानं कमी. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही. बारावीला नापास व्हायला आधी बारावीचा पेपर द्यावा लागतो, आणि ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालंय.

ऑगस्टमध्ये गणिताची फेरपरीक्षा आहे. फॉर्म भरला. सरांचा आता माझ्यावर विश्वास राहिला नाही, ते म्हणतात दुसरे कोणी शिकवणारे बघा. मला एकच शिक्षिका माहीत आहे, फार कडक आहे, वाक्य मध्येच तोडते. तुला सुट्टी असेल. खारूला न्यायला म्हणून ये आणि माझ्यासाठी राहा. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जागा रिकामी होतेय. तू शिकव, मी इस्त्री करते. दाजींचे सगळे शर्ट घेऊन ये.

एक राहिलंच. आज शाळेत दाखले द्यायला सुरुवात झाली. मोठ्या सरांनी नऊ जणांचे लिहून सह्या करून दिले, खारूचाही दिला. मग माझ्याकडे बघून पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "चला, तुमचाही लिहून टाकतो. फार वर्षं थांबलाय."

मी म्हटलं, "राहू द्या सर. माझं गणित राहिलंय."

तुझी धाकटी